गगनबावड्याचा पाऊस आणि पाषाणचा महासंगणक

प्रश्न: मी कोल्हापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत घरात पाणी होतं. सर, हवामानासाठी ८५० कोटींचे महासंगणक घेतले म्हणतात. तरी आमच्या गावात उद्या किती पाऊस पडेल हे का सांगता येत नाही? आता एआय मिनिटभरात अंदाज देतं, मग एवढं मोठं यंत्र लागतंच कशाला? आणि या विषयात प्रोजेक्ट करायचा तर कॉलेजच्या लॅबमध्ये काय जमेल?

उत्तर:

तुमच्या गावात उद्या किती पाऊस, हा प्रश्न शिरोळकरानं विचारायचाच नाही. रागावू नका, पण शिरोळला वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. दोन्ही वेळा तुमच्या घरात शिरलेलं पाणी तुमच्या गावात पडलेलंच नव्हतं. ते गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीत पडलं, आणि कृष्णेचं पाणी वर महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला पडलं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे शिरोळचा वर्षाचा पाऊस एका दिवसात. तेव्हा तुम्ही विचारायला हवं ते असं: घाटमाथ्यावर पुढच्या तीन दिवसांत एकूण किती पाणी पडणार? आणि या प्रश्नाचं उत्तर द्यायला महासंगणक लागतो.

हवामानाचं मॉडेल म्हणजे हवेची हालचाल, उष्णता आणि बाष्प यांची समीकरणं. ती कागदावर सुटत नाहीत. म्हणून पृथ्वीभर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीवर हवेचे थर रचायचे, आणि प्रत्येक खान्यातलं तापमान, दाब, वारा, बाष्प काही सेकंदांच्या किंवा मिनिटांच्या पावलांनी पुढं न्यायचं. चौकट केवढी, यावर सगळं अडतं. आपल्याकडं अलीकडंपर्यंत जागतिक मॉडेलची चौकट १२ किलोमीटरची होती. मे २०२५ मध्ये पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, म्हणजे आयआयटीएमनं, तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम कामाला लागली. तिची चौकट ६ किलोमीटरची.

आता हे कोल्हापूरच्या नकाशावर ठेवून बघा. १२ किलोमीटरची एक चौकट म्हणजे १४४ चौरस किलोमीटर. तिच्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं १ कोटी ४४ लाख घनमीटर, साधारण अर्धा टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). राधानगरी धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी आहे, म्हणजे एका चौकटीतला एका दिवसाचा पाऊस ही काही किरकोळ गोष्ट नाही. गगनबावड्याचा कडा करूळ आणि भुईबावडा घाटांतून वैभववाडीकडं काही किलोमीटरांतच काहीशे मीटर खाली उतरतो. मॉडेलनं पाऊस बरोबर ओळखला, फक्त एक चौकट पश्चिमेला टाकला, तर ते पाणी कोकणातून समुद्राला मिळतं. एक चौकट पूर्वेला टाकला तर कुंभी-कासारी नद्यांतून प्रयाग चिखलीला पंचगंगेत येतं आणि राजाराम बंधाऱ्यावरची पट्टी चढायला लागते. राज्याच्या नकाशावर हा अंदाज अगदी अचूक दिसेल. पंचगंगेसाठी मात्र तो अर्धा टीएमसीनं चुकलेला असेल.

त्यात आणखी एक मेख आहे, जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. मॉडेलची चौकट ६ किलोमीटरची म्हणून त्याला ६ किलोमीटरचा ढगांचा पुंजका दिसतो असं नाही. मॉडेल ज्या आकाराची गोष्ट खऱ्या अर्थानं नीट हाताळतं तो आकार चौकटीच्या साधारण सहा-सात पट असतो. म्हणजे १२ च्या चौकटीत ऐंशीएक किलोमीटर, ६ च्या चौकटीत चाळीसएक. गगनबावडा ते कोल्हापूर रस्त्यानं ५५ किलोमीटर. एवढ्या अंतरात पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढून हजारावर येतो. म्हणजे जुन्या मॉडेलला घाटमाथा आणि कोल्हापुरातला रंकाळा यांतला फरक धड दिसतच नव्हता. दोन्हीकडं मध्यमसा पाऊस दाखवून ते मोकळं व्हायचं. तुमच्या मोबाईलवरच्या ॲपचंही बहुतेक वेळा हेच होतं. कुठल्यातरी जागतिक मॉडेलचे आकडे घेऊन ते दोन बिंदूंच्या मधे सरासरीनं बसवतं आणि ‘सायंकाळी ५ वाजता ३.२ मिलिमीटर’ असं ठासून सांगतं. दशांश चिन्ह दिसलं की आपला विश्वास उगाच वाढतो.

मग चौकट एकदम एक किलोमीटरची का करत नाहीत? तुम्ही कॉम्प्युटरवाले आहात, हिशेब तुम्हीच करा. चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटींची संख्या चौपट होते. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर. चौकट आणि तिच्यावरचे थर मिळून एक खांब धरा. १२ च्या चौकटीनं साधारण ३५ लाख खांब, ६ च्या चौकटीनं १ कोटी ४० लाखांच्या वर. एकेका खांबात ६४ थर धरले तर ९० कोटी खाने झाले. शिवाय चौकट लहान झाली की वेळेचं पाऊलही लहान करावं लागतं, नाहीतर एका पावलात वारा एक अख्खी चौकट ओलांडून जातो आणि गणित फुटतं. म्हणजे काम आठपट. १२ वरून ३ वर यायचं तर चौसष्टपट.

आणि यंत्रं किती वाढली? २०१८ मध्ये आयआयटीएममध्ये ‘प्रत्युष’ आला, ४ पेटाफ्लॉप्सचा, आणि नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रात ‘मिहिर’, २.८ चा. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या जोडीला ‘अर्क’ (११.७७) आणि ‘अरुणिका’ (८.२४) आले. तुम्ही म्हणता ते ८५० कोटी या दोघांचे. जुन्या दोघांची बेरीज ६.८, नव्या दोघांची २०. म्हणजे ताकद तिपटीच्या आसपास वाढली आणि गरज आठपट. मधली तफावत हार्डवेअरनं भरून येत नाही. ती ग्रिड, म्हणजे चौकटींची जाळी, आणि कोड नव्यानं लिहून भरावी लागते. भारत फोरकास्ट सिस्टीमचं ग्रिड ध्रुवांजवळ होणारी बिंदूंची फुकटची गर्दी टाळतं, आणि ती बचत विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे आपल्याकडं, कामी येते. बातम्यांत यंत्राचे फोटो येतात. हे कोडचं काम करणारी पोरं कुठं दिसत नाहीत.

पेटाफ्लॉप्सच्या आकड्यावर फार जाऊ नका. तो यंत्राचा कागदावरचा कमाल वेग. हवामानाचं मॉडेल त्यातला फार थोडा हिस्सा वापरतं, बऱ्याचदा दहा टक्क्यांच्याही आत. कारण या कामात गुणाकार-बेरजेपेक्षा मेमरीतून आकडे आणण्यातच वेळ जातो. प्रोसेसर तयार असतो, आकडा यायचा असतो.

दुसरी अडचण वाटणीची. पृथ्वीचे तुकडे करून ते हजारो कोअरना, म्हणजे प्रोसेसरमधल्या गणित करणाऱ्या भागांना, वाटायचे, आणि प्रत्येक पावलाला प्रत्येक कोअरनं आपल्या कडेच्या ओळी शेजाऱ्याला कळवायच्या. तुकडे जितके लहान, तितकं काम कमी आणि निरोप जास्त. गुऱ्हाळावर माणसं दुप्पट केली म्हणून काहिलीतला रस निम्म्या वेळात आटत नाही, तसंच इथं. एका मर्यादेपुढं कोअर वाढवून काहीच हाती लागत नाही. उलट कधी कधी रन हळू होतो. त्यात ज्या कोअरच्या वाट्याला सह्याद्री येतो त्याचं काम जास्त, कारण तिथं ढग, थेंब, पाऊस यांची गणितं चालू. ज्याच्या वाट्याला कोरडं वाळवंट, त्याचं लवकर उरकतं आणि तो वाट बघत बसतो. सगळ्यात हळू असलेला कोअर सगळ्यांचा वेग ठरवतो.

आणि वेळ हा तर या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. १९२२ मध्ये लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानं हातानं सोडवलेल्या अंदाजाचा हिशेब छापला. सहा तासांच्या बदलासाठी त्याला कित्येक आठवडे लागले होते आणि उत्तरही साफ चुकलं होतं. १९५० मध्ये एनिॲक या सुरुवातीच्या संगणकावर २४ तासांचा अंदाज काढायला साधारण २४ तासच लागले, म्हणजे अंदाज आणि हवामान बरोबरीनं दारात. आज तेच गणित घड्याळाशी कसं बांधलेलं आहे पाहा. निरीक्षणांची एक मुख्य वेळ आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचची. बलून, उपग्रह, विमानं, जहाजं यांचे आकडे जमायला काही वेळ जातो, मग ते मॉडेलच्या आधीच्या अंदाजात मिसळून सुरुवातीची स्थिती ठरवायची, आणि मग मॉडेल पळवायचं. सहा किलोमीटरचं मॉडेल प्रत्युषवर दहा तासांपर्यंत घ्यायचं. अर्कवर चार तास. फरक सहा तासांचाच, पण कोल्हापुरात त्याचा अर्थ होतो की नदीकाठच्या आंबेवाडी-चिखलीच्या लोकांना जनावरं घेऊन उजेडात बाहेर पडायला सांगता येतं. अंदाज रात्री हातात आला तर तो कितीही अचूक असो, गोठ्यातल्या म्हशींना त्याचा उपयोग नाही.

यंत्राचा दुसरा मोठा खर्च जातो तो एकच अंदाज पुन्हा पुन्हा काढण्यात. सुरुवातीची स्थिती कधीच पूर्ण माहीत नसते, म्हणून तिच्यात थोडे थोडे फरक करून मॉडेल अनेकदा पळवतात. आपल्याकडं २०१८ पासून १२ किलोमीटरच्या मॉडेलचे असे २१ रन रोज होऊ लागले. युरोपीय हवामान अंदाज केंद्र ९ किलोमीटरच्या चौकटीनं ५१ रन करतं. हवामान इतकं नाजूक असतं की तेच मॉडेल, तेच आकडे, फक्त कोअरची संख्या बदलली तरी, खास काळजी घेतली नसेल तर, बेरजेचा क्रम बदलून सोळाव्या दशांशात फरक पडतो आणि दहा दिवसांनी ढग वेगळ्या ठिकाणी दिसतो. नव्या मुलांना हा बग वाटतो. बग नाही तो.

२१ पैकी १७ रन म्हणतात की पंचगंगेच्या पाणलोटात तीन दिवसांत मोठा पाऊस, तर ते ऐकायचं. दोनच म्हणतात, पण ते दोन भयंकर आकडे दाखवतात, तर तेही नोंदवून ठेवायचं. एका रनचा रंगीत नकाशा व्हॉट्सॲपवर फिरतो तेव्हा तो २१ पैकी कुठला, हे आधी विचारा. माझ्या मते आपल्याकडं सगळ्यात मोठी उणीव आहे ती इथं. यंत्र शक्यता सांगतं, आणि आपण ‘पडणार की नाही’ एवढंच ऐकतो. हवामान विभाग आता कोल्हापूरच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतो, हे फार चांगलं झालं. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या पुढं पाऊस म्हणजे ‘अत्यंत मुसळधार’ ही पायरी. शहरात ऊन असताना घाटमाथ्याचा रेड अलर्ट आला तर चेष्टा करू नका.

पावसाचा अंदाज बरोबर आला म्हणजे पुराचा आलाच, असंही नाही. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक. सातही उघडले की दहा हजारांच्या घरात. तिथं अंदाज पाहून दरवाजा आधी उघडायचा प्रश्नच येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा इशारा पातळीला ३९ फुटांवर, धोका पातळीला ४३ फुटांवर पोचते. पण तुमच्याकडं नृसिंहवाडीला कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं दाबतं, आणि वर पाऊस थांबला तरी दोन दिवस उतार पडत नाही. हा फुगवटा हवामानाच्या मॉडेलमध्ये नाहीच. त्यासाठी नदीचं वेगळं मॉडेल लागतं, पात्राचे आडवे छेद लागतात, भराव आणि पुलांची मापं लागतात. त्याला पेटाफ्लॉप लागत नाही, टेप आणि होडी घेऊन मोजणारी माणसं लागतात. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत. तो वाद एका उत्तरात मावणारा नाही.)

हवामान बदलाच्या संशोधनाबद्दल थोडक्यात. तिथं दहा दिवस नाही, शंभर-दीडशे वर्षं पळवायची असतात, तीही वेगवेगळ्या उत्सर्जनांसाठी, समुद्र, बर्फ, कार्बन यांच्यासकट. म्हणून चौकट मोठी ठेवावी लागते. आयआयटीएमचं पृथ्वी-प्रणाली मॉडेल जगातल्या मोठ्या तुलनात्मक प्रकल्पात उतरलेलं पहिलं भारतीय मॉडेल, ही अभिमानाची गोष्ट. पण अशा मॉडेलमध्ये चौकट शंभर-दोनशे किलोमीटरची असते. दोनशेच्या चौकटीत कोल्हापूर, सांगली, सातारा आणि रत्नागिरी एकत्र बसतात, आणि सह्याद्री नुसता एक उंचवटा उरतो. हवा एक अंश तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, हे पक्कं. मुसळधार पाऊस वाढणार ही दिशा त्यातून कळते. पण ‘२०५० मध्ये पंचगंगा किती फुटांवर’ असं कुणी सांगत असेल तर त्याला चौकट केवढी होती ते विचारा.

आता एआय. २०२३ मध्ये ग्राफकास्ट हे एआय मॉडेल आलं, दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत. फेब्रुवारी २०२५ पासून युरोपीय केंद्र स्वतःचं एआय मॉडेल रोजच्या कामात चालवतंय. हे खरं काम आहे, हवा नाही. पण ते शिकलं कशावर? मुख्यतः ईआरए५ नावाच्या माहितीसाठ्यावर, आणि तो साठा तयार केला युरोपीय केंद्राच्या महासंगणकांनी, भौतिकशास्त्राच्या मॉडेलमध्ये कित्येक दशकांची निरीक्षणं मिसळून. त्याची चौकट ३१ किलोमीटरची. त्या चौकटीत गगनबावड्याचा पाऊस आधीच पातळ झालेला असतो. एआय जे शिकलं त्यातच कडा बोथट आहे, तर अंदाजात तो धारदार कुठून येणार? शिवाय रोज सकाळी एआयला सुरुवातीची स्थिती द्यावी लागते आणि तीही महासंगणकच काढतो. चक्रीवादळाचा मार्ग, पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांची ताकद, मान्सूनची चाल यांत एआयचा खूप उपयोग होईल. घाटातल्या २४ तासांच्या आकड्यासाठी अजून बारीक चौकटीचं भौतिक मॉडेल आणि घाटातली जास्त पर्जन्यमापकं, दोन्ही लागतील.

प्रोजेक्टसाठी नवं मॉडेल लिहायला जाऊ नका. डब्ल्यूआरएफ हे मॉडेल फुकट मिळतं, ते लॅबमधल्या चार-सहा मशिनांवर लिनक्स टाकून चालतं. जुलै २०२१ मधले चार दिवस घ्या. सुरुवातीचे आकडे ईआरए५ मधून फुकट मिळतील. चौकटी एकात एक: २७, ९ आणि ३ किलोमीटर. वेळेचं पाऊल सेकंदांत चौकटीच्या किलोमीटरच्या सहापट धरतात, म्हणजे बाहेरच्या चौकटीला १६२ आणि आतल्या ३ किलोमीटरला १८. घाटामुळं तुमचा रन बहुतेक फुटेल. लॉग फाईलमध्ये सीएफएलचा, म्हणजे वेळेचं पाऊल चौकटीला झेपत नसल्याचा, इशारा दिसला की पाऊल कमी करा. आतल्या चौकटीची पश्चिम कड घाटावर आणू नका, ती अरबी समुद्रात चांगली लांब ठेवा, नाहीतर बाष्प आत यायच्या जागीच डोंगर येतो आणि कडेवर खोटा पाऊस पडतो. ३ किलोमीटरच्या चौकटीत ढगांची अंदाजपंचे पद्धत, म्हणजे क्युम्युलस स्कीम, बंद करा. तिथं मॉडेल मोठे ढग स्वतः घडवतं. पहिल्या बारा तासांचा पाऊस मोजू नका, मॉडेल तोवर गरम होत असतं.

मग २७, ९ आणि ३ या तिन्ही चौकटींतला पाऊस गगनबावडा, कोल्हापूर आणि शिरोळ इथं काढा आणि पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडा. नोंद सकाळी साडेआठची असते, मॉडेलचा दिवस साडेपाचला सुरू होतो. ते तीन तास जुळवायला विसरलात तर सगळी तुलना वाया. त्याच रनसाठी २, ४, ८, १६ कोअर लावून वेळ मोजा आणि आलेख काढा. वाकडा कुठं होतो ते दिसेल, आणि परीक्षकांना तो आलेखच जास्त आवडेल. पर्जन्यमापकांचे आकडे मात्र लेखी अर्ज करून आधीच मागून ठेवा. यात मॉडेल चालवण्यापेक्षा जास्त दिवस जातात.